राणीमाशीचे अन्न आणि माणसाची आशा



वसंतात मधमाशीवर बोलायचे म्हटले की श्रोत्यांना वाटते, आता फुलांची आणि मधाची गोष्ट ऐकायला मिळणार. अपेक्षा चुकीची नाही. ह्या दिवसांत महाबळेश्वरच्या रानात जांभळाचा मध पोळ्यांत उतरलेला असतो, आणि आपल्या सुश्रुताने तर मधाचे आठ प्रकार सांगून ठेवले आहेत. तेवढ्यावरही एक व्याख्यान सहज होईल. पण मला आज मधाविषयी बोलायचे नाही. पोळ्यात मधाहून निराळा असा एक पदार्थ असतो: पांढुरका, दाटसर, जिभेला आंबट आणि किंचित झोंबणारा. तरुण कामकरी माशा तो आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून स्रवतात आणि राणी व्हावयाच्या अळीला भरवतात. बाजारात तो रॉयल जेली ह्या नावाने मिळतो. आपण त्याला राजान्न म्हणू. ह्या राजान्नाने माणसाच्या शरीरातले हॉर्मोन, म्हणजे आपले अंतःस्राव, वाढतात, वंध्यत्व जाते, म्हातारपण मागे सरते, असा समज गेली सत्तर-ऐंशी वर्षे जगभर पसरलेला आहे. हा समज आला कुठून, आणि त्यात खरे किती, ह्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असा विचार आहे.

हा विषय मी का निवडला तेही सांगतो. आमच्या एका मामींना मूल नव्हते. १९७१-७२ च्या सुमाराची गोष्ट. मामांचा एक मित्र बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून काचेच्या इवल्याशा कुप्यांची एक पेटी आणून दिली. पेटीवर मुकुट घातलेल्या माशीचे चित्र होते. ‘राणीमाशी हेच खाते आणि दिवसाला हजारांनी अंडी घालते, मग वहिनींना गुण का येऊ नये?’ असे तो म्हणाला. मामांनी त्या पेटीसाठी एका महिन्याचा पगार मोजला. मामी रोज पहाटे अंघोळ करून, देवाला नमस्कार करून एक कुपी तोंडात रिकामी करीत. पेटी संपली, दुसरी आली, तीही संपली. पुढे त्या रिकाम्या पेटीत मामी सुया आणि दोऱ्याची रिळे ठेवू लागल्या. मी तेव्हा शाळकरी होतो आणि मला त्या पेटीवरच्या माशीचे फार कौतुक वाटे. तिच्यामागची गोष्ट कळावयास बरीच वर्षे जावी लागली.

त्या मित्राला हसण्याचे कारण नाही. राणीमाशी राजान्न खाते. राणीमाशी अफाट प्रसवते. म्हणून जो राजान्न खाईल त्याची प्रजननशक्ती वाढेल, अशा तीन पायऱ्यांचा हा युक्तिवाद आहे. पहिल्या दोन पायऱ्या अगदी खऱ्या आहेत. तिसरीवर मोठमोठ्या विद्वानांचाही पाय पडला आहे. तेव्हा आधी पहिल्या दोन पायऱ्या माणसाला कशा सापडल्या ते पाहू.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने मधमाशांचे वर्णन केले. पोळ्यात इतरांहून मोठी अशी एक माशी असते हे त्याला ठाऊक होते. पण जिच्याभोवती सारे राज्य फिरते ती राजाच असणार, असे धरून तिला राजा म्हटले गेले, आणि हे म्हणणे पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे टिकले. माणसाने आपल्या दरबाराचे चित्र पोळ्यात पाहिले, इतकाच त्याचा अर्थ. मात्र त्याच अ‍ॅरिस्टॉटलने मधमाशांच्या उत्पत्तीची चर्चा संपवताना एक प्रांजळ कबुली दिली आहे. ह्या बाबतीतली माहिती अजून पुरती हाती आलेली नाही. जेव्हा येईल तेव्हा तर्कापेक्षा प्रत्यक्ष पाहण्यावर विश्वास ठेवावा, अशा आशयाचे ते विधान आहे. श्रोतेहो, आजच्या साऱ्या व्याख्यानाचे सार त्या एका कबुलीत आहे.

पुढे १५८६ साली स्पेनमध्ये मेंदेस दे तोरेस ह्याने लिहिले की ही मोठी माशी अंडी घालते. १६०९ साली इंग्लंडमधल्या चार्ल्स बटलर ह्या धर्मोपदेशकाने आपल्या पुस्तकाच्या नावातच मधमाशांचे राज्य स्त्रीराज्य असल्याचे जाहीर केले. आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडच्या यान स्वामरडामने सूक्ष्मदर्शकाखाली त्या ‘राजा’चे शरीर उघडून पाहिले, तेव्हा आत अंडाशय निघाले. स्वामरडाम १६८० साली वारला. त्याची ती अप्रतिम चित्रे छापली गेली १७३७-३८ मध्ये. राजाची राणी व्हायला एवढा काळ लागला.

पण एक कोडे उरलेच. राणी मादी, हे ठरले. मग हजारोंनी राबणाऱ्या कामकरी माशा कोण? त्यांना लोक नपुंसक समजत. ह्याचे उत्तर जर्मनीत सॅक्सनीमधल्या एका खेड्यातल्या पाद्र्याने दिले. त्याचे नाव अ‍ॅडम गॉटलोब शिराख. १७६० नंतरच्या दशकात त्याने असा प्रयोग केला: पोळ्याचा एक तुकडा घ्यायचा, त्यात फक्त कामकरी माशांची अंडी आणि कोवळ्या अळ्या असाव्यात, तो तुकडा राणी नसलेल्या माशांबरोबर पेटीत कोंडायचा आणि वाट पाहायची. थोड्याच दिवसांत माशांनी काही घरांच्या भिंती मोडून ती मोठी केली, आतल्या अळ्यांना निराळे अन्न भरपूर घातले, आणि त्या घरांतून राण्या बाहेर पडल्या! म्हणजे कामकरी माशी ही नपुंसक नव्हे; ती राणी होण्याची संधी हुकलेली मादी आहे. जन्म एकच, अंडे एकच. भेद पडला तो पुढच्या पाच-सहा दिवसांच्या जेवणाने.

शिराखच्या म्हणण्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. त्याची पारख केली ती एका आंधळ्या माणसाने. जिनीव्हाचा फ्रांस्वा ह्यूबर १७५० साली जन्मला आणि तरुणपणातच त्याची दृष्टी गेली. त्याच्या घरी फ्रांस्वा ब्यूर्नांस नावाचा एक खेडवळ गडी होता. ह्यूबरने प्रश्न काढावेत, ब्यूर्नांसने पाहून सांगावे, ह्यूबरने उलट तपासणी करावी, पुन्हा पाहायला लावावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. ह्यूबरने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी एक मधपेटी बनवली होती; तिचे एकेक पान उलटून ब्यूर्नांस आपल्या धन्याला पोळे वाचून दाखवी. १७९२ साली ह्यूबरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिराखचे निरीक्षण खरे ठरले. पुढे कुमारी ज्युरीन नावाच्या विदुषीने त्याच्यासाठी कामकरी माशा चिरून पाहिल्या आणि त्यांच्यातही अगदी खुरटलेले अंडाशय असतात हे दाखवून दिले. राजान्नाला त्याचे शाही नावही ह्यूबरनेच दिले.

ह्या ह्यूबरने एक चूकही केली. काही कामकरी माशा क्वचित अंडी घालतात हे त्याला दिसले होते. असे का व्हावे? त्याने तर्क केला की ह्या माशा अळी असताना राणीघराच्या शेजारी वाढल्या असतील आणि राजान्नाचे चार थेंब चुकून त्यांच्या वाट्याला आले असतील. तर्क मोठा मोहक आहे. थोडे राजान्न खाल्ले तर थोडी फलशक्ती, पुष्कळ खाल्ले तर पुष्कळ! आमच्या मामांचा मित्र नेमके हेच बोलत होता. हा तर्क कसा चुकला ते पुढे येईल.

आता पोळे जरा बाजूला ठेवू आणि माणसाच्या शरीराकडे वळू, कारण ह्या कथेचा दुसरा धागा तिथे आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार ह्या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत सांगितले की, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि मला तारुण्य परत आल्यासारखे वाटते. जगभर खळबळ उडाली. आज आपण जाणतो की पाण्यात काढलेल्या त्या अर्कात पुरुष-हॉर्मोन जवळजवळ नव्हतेच. म्हाताऱ्याला तारुण्य दिले ते त्याच्या आशेने. पण मूळ कल्पना खोटी नव्हती. ग्रंथी रक्तात काही द्रव्ये सोडतात आणि ती दूरच्या अवयवांना हुकूम देतात, हे लवकरच सिद्ध झाले. १९०५ साली इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंगने त्या द्रव्यांना हॉर्मोन हे नाव दिले. १९२९ साली स्त्री-हॉर्मोन शुद्ध रूपात हाती आले. १९३१ साली जर्मनीच्या अ‍ॅडॉल्फ बुटेनांटने हजारो लिटर मूत्र आटवून त्यातून काही मिलिग्रॅम पुरुष-हॉर्मोन काढले. १९३५ साली हॉलंडमध्ये बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन निघाले. बुटेनांटला १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, पण हिटलरच्या राजवटीने त्याला ते नाकारावयास लावले.

ह्या काळातल्या शास्त्रज्ञाच्या मनाची कल्पना करा. एका बाजूला नवी नवी लैंगिक हॉर्मोने हाती येत आहेत. दुसऱ्या बाजूला एक अन्न आहे, जे खाऊन खुरट्या अंडाशयाच्या कामकरीऐवजी दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालणारी राणी तयार होते. मग त्या अन्नात हॉर्मोन असणारच, असे कोणाला वाटणार नाही? १९३९ साली एका संशोधकाने ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात लिहिले की, राजान्नात जननग्रंथींना चेतवणारे हॉर्मोन असावे असे सुचवणारे एक निरीक्षण मला मिळाले आहे. लगेच १९४० साली मेलॅम्पी आणि स्टॅन्ली ह्या दोघांनी त्याची फेरतपासणी केली. उंदीरमाद्यांवर तसा काही परिणाम त्यांना दिसला नाही. आपल्या निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी ‘कथित’ असा शब्द घातला. एक आशा, आणि वर्षाच्या आत तिचे खंडन. पण आशेचा निबंध लोकांच्या ध्यानात राहिला आणि खंडनाचा विसरला गेला. असेच होत असते.

राजान्नात मग होते तरी काय? सुमारे दोन तृतीयांश पाणी, उरलेल्यात प्रथिने, साखर आणि थोडी चरबी. इन्सुलिनचा शोध ज्या टोरांटो विद्यापीठात लागला, तिथल्या ल्यूकसने आणि कॅनडाच्याच टाउनसेंडने १९४० साली त्या चरबीतून एक वेगळे आम्ल काढले. आणि १९५७ साली त्या आम्लाची पूर्ण रचना निश्चित केली ती कोणी? त्याच अ‍ॅडॉल्फ बुटेनांटने, रेंबोल्ड ह्या सहकाऱ्यासह. लैंगिक हॉर्मोनांचा हा जगातला श्रेष्ठ जाणकार राजान्नाच्या मागे लागला आणि त्याच्या हाती जे आले ते लैंगिक हॉर्मोन नव्हते. ते दहा कार्बन अणूंचे एक साधे मेदाम्ल होते.

पण शास्त्रज्ञांचा निकाल बाजारापर्यंत पोचण्याआधी दुसरीच बातमी पोचली होती. १९५४ साली रोममध्ये पोप पायस बारावे गंभीर आजारी पडले. त्यांचा वैद्य गालेआत्सी-लिसी ह्याने त्यांना राजान्न दिले आणि पोप बरे झाले. त्यांच्यावर त्या वेळी इतरही उपचार चालू होते. स्वित्झर्लंडचा पॉल नीहान्स नावाचा कोशिका टोचणारा डॉक्टरही त्यांना औषध देत होता. तेव्हा गुण कशाचा हे सांगणे अशक्य. वर्तमानपत्रांना मात्र ते अवघड गेले नाही. राजान्न रातोरात जगप्रसिद्ध झाले, आणि कुप्या, गोळ्या व तोंडाला लावायची मलमे ह्यांचा पूर लोटला. १९५८ साली पोप निवर्तले, तेव्हा ह्याच वैद्याने त्यांच्या शेवटच्या आजाराची छायाचित्रे आणि हकीकत वृत्तपत्रांना विकली व त्यापायी त्याचे पद गेले. पण तोवर मुकुटवाली माशी बोटींवरून देशोदेशी निघालेली होती. आमच्या मामींच्या घरी आलेली पेटी त्याच लाटेवरून आली.

आता पुन्हा पोळ्यात शिरू, कारण खरे रहस्य तिथेच उलगडले. आपण महाबळेश्वराकडे सातेरीच्या पेट्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबणारी राणीघरे तो दाखवील. त्या घरात खाली तोंड करून राणीची अळी राजान्नाच्या गोळ्याला चिकटलेली असते आणि अखंड खात असते.

ती खाते तेव्हा तिच्या शरीरात काय घडते? इंग्रज शास्त्रज्ञ विगल्सवर्थने १९३० नंतरच्या दशकात दाखवले की कीटकांच्या मेंदूमागे दोन चिमुकल्या ग्रंथी असतात आणि त्यांतून बाल्य टिकवणारे एक हॉर्मोन स्रवते. १९७२ साली हॉलंडमध्ये विर्ट्स आणि बेट्स्मा ह्यांनी हे हॉर्मोन कामकरी माशीच्या अळीला लावून पाहिले. राजान्नाचा खुराक न देताही तिच्यात राणीची लक्षणे उमटली! ह्याचा अर्थ ध्यानात घ्या. राणी घडवणारे हॉर्मोन अन्नातून येत नाही. ते अळीच्या स्वतःच्या ग्रंथीतून येते. अन्न फक्त त्या ग्रंथीला जागे करते. १९७६ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी दाखवले की कामकरीच्या अन्नात नुसती साखर वाढवली तरी काही अळ्या राणीच्या वाटेला लागतात. अन्न गोड झाले की अळी अधिक खाते, अधिक खाल्ले की ग्रंथी अधिक स्रवते.

आणखी एक गोष्ट. अंडाशय राजान्नाने ‘निर्माण’ होतो असेही नाही. कोवळ्या वयात दोन्ही अळ्यांच्या अंडाशयांत नलिकांची संख्या सारखीच असते. राणीत त्यातल्या दीडशेहून अधिक प्रत्येक बाजूला टिकतात. कामकरीत त्या गळून जाऊन दोन ते बारा उरतात. म्हणजे राजान्न काही नवे देत नाही. जे गळून जायचे ते वाचवते. आणि हे घडते ते अळीच्या वयाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास. ती वेळ टळली की मग कामकरी माशीला कितीही राजान्न चारा, ती राणी होत नाही. जी गोष्ट प्रौढ मधमाशीच्या बाबतीत घडत नाही, ती प्रौढ माणसाच्या बाबतीत घडावी अशी आपली अपेक्षा असते!

मग त्या अंडी घालणाऱ्या कामकरी माशांचे काय? ह्यूबरचे चार थेंब कुठे गेले? १९५४ साली इंग्लंडमध्ये कॉलिन बटलर ह्या शास्त्रज्ञाने दाखवले की राणी आपल्या शरीरातून एक द्रव्य सोडते, कामकरी माशा ते चाटतात आणि पोळेभर पसरवतात. ते मिळत असेपर्यंत त्यांचे अंडाशय दबलेले राहतात. राणी नाहीशी झाली की दडपण उठते आणि काही कामकरी माशा अंडी घालू लागतात. त्यांना राजान्न अधिक मिळाले नव्हते. त्यांच्यावरचा हुकूम उठला होता. आणि गंमत अशी की, राणीचे हे हुकमाचे द्रव्य आणि राजान्नातले ते बुटेनांटचे आम्ल ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही दहा कार्बनांची, दोन्ही जबड्याच्या ग्रंथीत होणारी. एक राणीच्या, दुसरे कामकरीच्या. एका अणूच्या जागेने एक आम्ल अन्नात जाते आणि दुसरे हुकूम होते. अशी ही पोळ्याची भाषा आहे. ती माशांना कळते, कारण ती माशांसाठी आहे.

एकविसाव्या शतकातही हा शोध थांबलेला नाही. २००८ साली कॅनबेरातल्या संशोधकांनी अळीतल्या वंशसूत्रांवर खुणा करणारे एक यंत्र बंद पाडले, तर साध्या अन्नावरही पुष्कळशा अळ्या राणीसारख्या वाढल्या. २०११ साली जपानच्या कामाकुरांनी जाहीर केले की राजान्नातले एक प्रथिनच राणी घडवते. त्याला रॉयलॅक्टिन असे नावही मिळाले आणि जाहिरातदारांना आनंद झाला. २०१६ साली जर्मनीत बुटश्टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तर त्या प्रथिनावाचूनही राण्या होतात असे निघाले. ह्याच गटाने २०१८ साली त्या प्रथिनाचे एक निश्चित काम शोधून काढले: त्याचे तंतू बनतात आणि राजान्न चिकट होते, त्यामुळे उलट्या टांगलेल्या घरातून राणीची अळी खाली पडत नाही! ज्याला आपण तारुण्याचा अर्क समजत होतो तो निदान एका बाबतीत खळीचे काम करतो. तर २०१५ साली अमेरिकेत दिसून आले की कामकरीच्या अन्नात मध आणि पराग ह्यांतून येणारे एक वनस्पतिद्रव्य अळीच्या अंडाशयाची वाढ खुंटवते. म्हणजे राणीला काय मिळते ह्याइतकेच तिला काय दिले जात नाही, हेही महत्त्वाचे.

आता माणसाचा हिशेब करू. १९८४ साली राजान्नात खरोखरच टेस्टोस्टेरॉन सापडले. म्हणजे १९३९ ची आशा खरी ठरली? आकडे पाहा. एका ग्रॅम राजान्नात ते सुमारे ०.१ मायक्रोग्रॅम आढळले. निरोगी पुरुषाचे शरीर रोज ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन स्वतः बनवते. तेवढे राजान्नातून मिळवायचे तर दररोज सुमारे ६० किलो राजान्न खावे लागेल. एका राणीघरात पाव ग्रॅमच्या आसपास राजान्न निघते. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसासाठी दोन लाख चाळीस हजार राणीघरे. आणि एवढे करूनही पोटातून गेलेले टेस्टोस्टेरॉन बहुतेक सारे यकृतात नष्ट होते. हिशेब इथेच संपतो.

स्त्री-हॉर्मोनाची बाजू किंचित वेगळी आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २००५ साली जपानी संशोधकांना दिसले की राजान्नातली काही द्रव्ये स्त्री-हॉर्मोनाच्या कुलुपात किल्लीसारखी शिरतात. पण ती किल्ली फार सैल आहे, सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या तशा द्रव्यांहूनही सैल. २०१२ साली जपानमध्येच सुमारे साठ निरोगी माणसांवर सहा महिने प्रयोग झाला. रोज तीन ग्रॅम राजान्न घेणाऱ्यांच्या रक्तपेशी, साखर आणि मनाचे स्वास्थ्य ह्यांत थोडा इष्ट फरक आढळला, आणि शरीराने स्वतःच्या कच्च्या मालातून टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा वेग थोडा वाढलेला दिसला. प्रयोग लहान आहे. त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. परंतु परिणाम काहीच नाही असेही म्हणू नये. एवढेच की जे दिसते ते मंद आहे, आणि कुप्यांवर छापले जाते ते प्रचंड आहे. २०११ साली युरोपच्या अन्न-सुरक्षा संस्थेने राजान्नाच्या आरोग्यविषयक दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा निर्वाळा दिला.

पोळ्यातला एक पदार्थ मात्र शरीराची हॉर्मोने निःसंशय हलवतो, तो म्हणजे डंखाचे विष. १८८८ साली ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या मारिबोर गावच्या फिलिप टेर्च ह्या डॉक्टरने डंख आणि संधिवात ह्यांचा संबंध मांडला. १९७२ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसले की हे विष टोचल्यावर रक्तातले कॉर्टिसॉल वाढते. हे कॉर्टिसॉलही विषात नसते. घाव बसलेल्या प्राण्याच्या आपल्याच ग्रंथी ते सोडतात. तत्त्व तेच: बाहेरची वस्तू हाक मारते, ओ देते ती आपली ग्रंथी. मात्र ही हाक जिवावरही बेतू शकते. डंखाच्या वावड्याने माणसे दगावतात, म्हणून हा उपचार घरी करण्याचा नव्हे.

राजान्नही अगदी निरुपद्रवी नाही. १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात दम्याच्या रोग्यांना राजान्नाने तीव्र वावडे होऊन मृत्यू ओढवले, आणि तेथे बाटल्यांवर तशी सूचना छापणे सक्तीचे झाले. तेव्हा दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी त्यापासून दूरच राहावे. ज्या भगिनींना हॉर्मोनावर वाढणारा स्तनाचा कर्करोग झालेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घेऊ नये. किल्ली सैल असली तरी कुलूप नाजूक आहे.

आता थोडक्यात आवरतो. ह्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. माणसाला पोळ्यात राजा हवा होता, त्याने राजा पाहिला. त्याला तारुण्य हवे होते, त्याने राजान्नात हॉर्मोन पाहिले. जे कोणी पुढे गेले ते आपल्याला काय हवे हे बाजूला ठेवून पोळे उघडून पाहणारे होते. आणि त्यांतला सर्वांत नीट पाहणारा तर आंधळा होता. आपल्याकडेही पाहणाऱ्यांची परंपरा आहे. १९६२ साली पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाने मधमाशांच्या अभ्यासासाठी मध्यवर्ती संस्था काढली. माशी पाळायची, तिचा मध घ्यायचा, तिच्यामुळे शेतात फळे अधिक धरतात ते मोजायचे, हे काम तिथे झाले. मधमाशीचे माणसावरचे खरे उपकार तिथे मोजता येतात.

आणि आमच्या मामी? त्या गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या आजारपणात एकदा मी त्यांना विचारले, की त्या दिवसांत डॉक्टरांनी काय सांगितले होते. त्या म्हणाल्या, ‘मला तीन वेळा तपासले. सगळे ठीक आहे म्हणाले.’ मामांना तपासले का, असे विचारता त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. त्या काळी तसे कोणी सुचवलेही नव्हते. घरात मूल नाही म्हणजे दोष बाईचा, हे आधीच ठरलेले होते. आणि म्हणून त्या कुप्याही तिनेच घ्यावयाच्या होत्या. अपत्य नसण्याच्या पुष्कळ उदाहरणांत कारण पुरुषात असते, आणि पुष्कळ उदाहरणांत दोघांतही असते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. एका साध्या तपासणीने जे कळले असते, त्याच्या जागी महिन्याचा पगार आणि मुकुटवाली माशी उभी राहिली.

ती पेटी अजून आमच्या घरी आहे. तिच्यात सुया आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी उद्या अशी कुपी आली, तर तिच्यावरचा मुकुट पाहण्याआधी आपण दोघांनीही तपासून घेतले आहे का, एवढा एक प्रश्न विचारावा. राजा की राणी हे ठरवायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. हा प्रश्न विचारायला तितकी लागू नयेत, एवढीच माझी आपणास विनंती आहे.